घरच्या पूलचं पाणी: पीएचच्या आधी अल्कलिनिटी

पाणी हिरवट दिसलं की क्लोरीन, गढूळ दिसलं की तुरटी, शेवाळ धरलं की मोरचूद. मुंबईत घरी पूल असलेल्यांना मिळणारा सल्ला बहुतेक वेळा एवढाच असतो, आणि तो ऐकला की माझं डोकं फिरतं. चेंबूरला आमच्या घरामागे 20,000 लिटरचा छोटा पूल आहे, जेमतेम 1.2 मीटर खोल. गेली अकरा वर्षं त्याचं पाणी मी स्वतः तपासते. तपासल्याशिवाय पाण्यात चमचाभरही काही पडता कामा नये.

किट थेंबांचं घ्या, पट्ट्यांचं नको. क्लोरीनला पिवळा रंग देणारं जुनं किट तर घेऊच नका. ते एकूण क्लोरीन दाखवतं, आणि आपल्याला हवं असतं मोकळं क्लोरीन, म्हणजे जंतू मारायला शिल्लक असलेलं. ते गुलाबी रंगाच्या डीपीडी किटवर कळतं. नमुना कोपरापर्यंत हात बुडवून घ्या, पाणी आत येतं त्या तोंडापासून लांब. रंग दिवसाउजेडी पांढऱ्या कागदासमोर धरून बघा. गुलाबी रंग उमटून लगेच उडाला तर क्लोरीन संपलेलं नाही, अतोनात झालंय.

आता अल्कलिनिटी. इथे मी एक अख्खा जुलै घालवला आहे.

त्या वर्षी पीएच, म्हणजे पाणी आम्लधर्मी की अल्कधर्मी ते सांगणारा आकडा (7 म्हणजे मधोमध), आला 6.8. पूलवाल्याने सांगितलं, धुण्याचा सोडा टाका. टाकला. दुसऱ्या दिवशी 8.2. मग म्हणाला, ॲसिड टाका. टाकलं, तर पुन्हा 6.8. असं आठवडाभर चाललं. एका सकाळी पायरीजवळच्या दोन टाइल्समधल्या सांध्यावरून बोट फिरवलं, तर ग्राउट वाळूसारखं बोटाला लागलं. आम्लधर्मी, मऊ पाणी सिमेंटमधला चुना खात होतं. तेव्हा पहिल्यांदा किटमधली अल्कलिनिटीची बाटली उघडली. नमुन्याचा हिरवा रंग चौथ्या थेंबाला लाल झाला. माझ्या किटवर एक थेंब म्हणजे 10 पीपीएम (लिटरमागे 10 मिलिग्रॅम), म्हणजे अल्कलिनिटी फक्त 40. हवी 80 ते 120.

अल्कलिनिटी म्हणजे पाण्याची आम्ल पचवायची ताकद. ती नसली की पीएचला धरून ठेवणारं काही उरत नाही, मूठभर सोड्यानेही तो उड्या मारतो. मुंबईत हे घडणारच. तानसा, वैतरणा, भातशाचं नळाला येणारं पाणी मुळात मऊ. त्यात चार महिन्यांत 2,000 मिमीहून जास्त पाऊस, म्हणजे आपल्या पूलच्या खोलीपेक्षाही जास्त. पावसाच्या पाण्यात अल्कलिनिटी जवळपास नसते. भरीला टीसीसीए, म्हणजे पूलमध्ये टाकायची क्लोरीनची पावडर, तीही आम्लधर्मी. आणि वर तुरटी, जी गाळ बसवताना अल्कलिनिटीच खर्च करते. म्हणून पावसाळ्यात तुरटी टाकायला माझा ठाम विरोध आहे. गढूळपणा फिल्टर जास्त वेळ चालवून आणि बॅकवॉश करून, म्हणजे उलटं पाणी सोडून फिल्टर धुऊन, घालवा. मोरचूदही नको, त्याच्या तांब्याने टाइल्सवर डाग पडतात.

उपाय खायचा सोडा. धुण्याचा नव्हे; तो पीएच एकदम वर नेतो. 1,000 लिटरला 10 पीपीएम वाढवायला साधारण 17 ग्रॅम लागतो. माझ्या पूलला 40 वरून 90 वर जायला 1.7 किलो लागला. पण तो एकदम ओतू नका. पंप चालू ठेवा, बादलीभर पाण्यात निम्मा सोडा विरघळवा, कडेकडेने फिरत ओता. सहा तासांनी पुन्हा थेंब मोजा, मगच उरलेला टाका. तोवर पीएच कितीही खुणावत असला तरी त्याला हात लावू नका. मला हे थांबणंच जमत नव्हतं.

अल्कलिनिटी जागेवर आली की पीएच बघा. 7.2 ते 7.8 मध्ये असेल तर काम झालं. थोडा कमी असेल तर कारंजं किंवा वरून पडणारी धार दिवसभर चालू ठेवा. पाण्यातला कार्बन डायऑक्साइड उडून जातो आणि पीएच आपोआप चढतो. जास्त असेल तरच ॲसिड, तेही ठरल्या मापाच्या निम्मं. ॲसिड नेहमी पाण्यात ओता, ॲसिडवर पाणी कधीच नाही.

क्लोरीन शेवटी, आणि संध्याकाळी, कारण ऊन ते खाऊन टाकतं. मोकळं क्लोरीन 1 ते 3 पीपीएम ठेवा. टीसीसीए वापरत असाल तर प्रत्येक 10 पीपीएम क्लोरीनमागे साधारण 6 पीपीएम सायन्युरिक आम्ल पाण्यात उरतं आणि साचत जातं. ते क्लोरीनला उन्हापासून वाचवतं, म्हणून 30 ते 50 ठीक, पण फार वाढलं की क्लोरीनला अडकवून ठेवतं, आणि क्लोरीन भरपूर दिसूनही शेवाळ धरतं. ते उतरवायला पाणी बदलण्यावाचून गत्यंतर नाही. पावसाळ्यात पूल ओसंडून हे आपोआप होतं, म्हणून त्रास एप्रिल-मेमध्ये दिसतो. मी फेब्रुवारीपासूनच लिक्विड क्लोरीनवर येते, त्यात हे आम्ल नसतं.

टीसीसीए आणि ब्लिचिंग पावडर एका डब्यात, एका मगातही कधी एकत्र येऊ देऊ नका, आग लागते. क्लोरीनजवळ ॲसिड ठेवू नका, विषारी वायू निघतो. आमच्याकडे दोन्हींची कपाटं वेगळी आहेत, मगही वेगळे.

सकाळी पुन्हा तिन्ही मोजा. मोठ्या पावसानंतर त्याच दिवशी मोजा. आणि तळातली जाळी स्पष्ट दिसत नसेल, तर आकडे कितीही बरोबर असोत, पोरांना पाण्यात सोडू नका.