मंगळावर पाठवायच्या दहा शिपायांची तयारी

व्हिक्टोरियन काळातल्या कल्पित युद्धांच्या खेळासाठी 28 मिलिमीटरचे छोटे खेळण्यातले शिपाई (मिनिएचर) रंगवायला घेण्याआधी, ब्रश आणि बाटल्या जमवण्याच्याही आधी, एक साल ठरवावे आणि ते वहीच्या पहिल्या पानावर लिहावे. मंगळावर उतरणारी ब्रिटिश पलटण कल्पनेतली असली तरी तिच्या अंगावरचा गणवेश खऱ्या इतिहासातला असतो, आणि तो काही वर्षांच्या अंतराने बदलत गेलेला आहे. 24 व्या पायदळ रेजिमेंटचा शिपाई 1879 च्या झुलू युद्धात लाल कोटाच्या कॉलर-कफांवर हिरवा रंग मिरवीत होता. 1881 च्या फेररचनेत त्याच रेजिमेंटचे नाव साउथ वेल्स बॉर्डरर्स झाले आणि इंग्लिश व वेल्श पलटणींच्या नव्या नियमाप्रमाणे तिथे पांढरा रंग आला, तर स्कॉटिशांना पिवळा, आयरिशांना हिरवा आणि ‘रॉयल’ म्हणवणाऱ्यांना निळा मिळाला. मार्टिनी-हेन्री बंदूक 1871 मध्ये स्वीकारली गेली आणि मॅक्सिम गन ही मशीनगन 1884 ची, हेही तिथेच टिपून ठेवावे. मी स्वतः 1882 धरतो, कारण इटालियन खगोलशास्त्रज्ञ स्कियापारेल्ली यांनी मंगळावरच्या रेघांची (त्यांनाच पुढे कालवे मानले गेले) नोंद केल्याला तेव्हा पाच वर्षे झालेली असतात, लाल कोट अजून रणांगणावर असतो, आणि झुलू युद्धाचा प्लॅस्टिकचा संच केवळ कॉलर-कफांचा रंग बदलून कामी येतो.

सालाखालोखाल मोहिमेचे स्वरूप लिहावे. 1867-68 च्या अ‍ॅबिसिनिया (आजच्या इथिओपियातल्या) मोहिमेसारखा नमुना दुसरा नाही: मुंबई लष्कराचे सरसेनापती नेपियर यांनी मुंबईहून नेलेल्या फौजेने तिकडच्या किनाऱ्यावर धक्का बांधला, लोहमार्ग टाकला आणि तोफा वाहायला हत्तीही नेले. परक्या ग्रहावर स्वारी करायची तर हेच सारे लागणार, त्यामुळे बंदूकधाऱ्यांसोबत कुदळ-फावडेवाले दोन शिपाई अवश्य ठेवावेत; खडकीच्या बॉम्बे सॅपर्सना, म्हणजे लष्कराच्या बांधकाम करणाऱ्या पलटणीला, कालव्यांच्या ग्रहावर काम कमी पडणार नाही.

मग फेरबदलांची यादी करावी, आणि ती कठोरपणे छाटावी. माझा दंडक असा की एका शिपायावर नवलाची वस्तू एकच असावी, बाकी सारे संग्रहालयात शोभेल इतके खरे असावे. हेल्मेटवर चिकटवलेले दातेरी चाक नेमके काय फिरवते हे सांगता येत नसेल, तर ते चाक काढून टाकावे. घड्याळजीकडून आणलेली बारीक चाके मोहात पाडतात हे खरे, पण ती तोफेच्या गाड्यावर किंवा यंत्राच्या उघड्या पोटात शोभतात, माणसाच्या टोपीवर नव्हे.

हत्यारांत निपर, धारदार कटर, बारीक कानस, पॉलिश पेपर, पिन व्हाइस (बारीक ड्रिल धरून हाताने फिरवायची मूठ), अर्धा ते एक मिलिमीटरचे ड्रिल आणि तेवढ्याच जाडीची पितळी तार असावी. स्प्रूवरून, म्हणजे सुटे भाग जोडलेल्या प्लॅस्टिकच्या चौकटीवरून, भाग कापण्यापूर्वी तो कोमट साबणपाण्यात धुऊन वाळवावा आणि साच्याच्या जोडाची रेघ कटरच्या पाठीने खरवडावी. जुन्या धातूच्या मिनिएचरमध्ये शिसे असू शकते. कानस चालवताना तोंडावर मास्क हवा, जवळ चहाचा कप नको आणि उठल्याबरोबर हात धुवावेत.

नवलाची ती एक वस्तू म्हणजे मंगळावरचे श्वसनयंत्र, आणि त्याला मात्र वेळ द्यावा. ग्रीन स्टफ या मळून घडवायच्या लांबीची निळी आणि पिवळी पट्टी समप्रमाणात, दोन्ही रंग पूर्ण मिसळून एकच हिरवा दिसेपर्यंत मळावी, जोंधळ्याच्या दाण्यापेक्षाही लहान गोळी नाकातोंडावर बसवावी आणि ओल्या हत्याराने कडा दाबून मुखवटा करावा. डोळ्यांवर दोन ठिपके ठेवून मेकॅनिकल पेन्सिलचे धातूचे पोकळ टोक त्यांवर हलकेच टेकवले की गॉगलची गोल कड आपोआप उमटते. नळीसाठी गिटारची वेढे गुंडाळलेली जाड तार घ्यावी, कारण तिच्यावरचे वेढे रबरी नळीच्या कड्यांसारखे दिसतात. ती निपरने कापताना तुकडा उडतो, म्हणून चष्मा घालावा. मुखवट्यात आणि पाठीवरच्या टाकीत भोक पाडून नळीची दोन्ही टोके आत खोचावीत, नुसत्या फेविक्विकवर विसंबू नये. हे सारे रात्रभर वाळू द्यावे. घाईत उचललेल्या माझ्या एका सार्जंटच्या गालावर अंगठ्याचा ठसा अजून आहे.

प्रायमरच्या, म्हणजे रंगाखालच्या पहिल्या थराच्या, आधी हवा पाहावी. कडक उन्हात स्प्रेचे थेंब वाटेतच वाळतात आणि पृष्ठभाग रव्यासारखा होतो. पावसाळ्यात मॅट व्हार्निश पांढुरके पडते, आणि एका जुलैत गच्चीवर माझी अख्खी तुकडी राखेतून उठल्यासारखी झाली होती. जून ते सप्टेंबर ब्रशने लावायचा प्रायमर आणि ब्रशचेच व्हार्निश जवळ ठेवावे.

रंग थोडे पुरतात. लाल कोटासाठी तळाला लालसर तपकिरी, त्यावर शेंदरी छटेचा लाल आणि उठावाच्या कडांना नारिंगीची झाक द्यावी. उजळण्यासाठी लालमध्ये पांढरा मिसळला की शिपाई गुलाबी होतो. पांढरे पट्टे फिकट करड्यापासून सुरू करावेत. हेल्मेट कोरे पांढरे ठेवू नये, कारण झुलू युद्धात शिपायांनी ती चहाच्या पाण्याने मळवली होती, आणि पातळ तपकिरी वॉशने (खाचांत उतरणाऱ्या पाणीदार रंगाने) तो रंग हुबेहूब येतो. पितळेखाली तपकिरी तळ हवा, वर वॉश, आणि खाचांत अगदी पातळ हिरवट निळा, म्हणजे जुन्या समईवर चढतो तसा कळकट हिरवा दिसतो. धातूच्या रंगांसाठी पाण्याचा पेला वेगळा असावा, नाहीतर चमकीचे कण पुढे चेहऱ्यांवर चढतात.

शिपायाच्या पायाखालच्या बैठकीसाठी 25 मिलिमीटरचे वॉशर, फेविकॉल आणि चाळलेली वाळू पुरे. खडकांना एम-सील चालते. मंगळाची माती केशरी रंगवली तर लाल कोट तिच्यात हरवतो, म्हणून ती गेरूपेक्षा गडद, तपकिरीकडे झुकलेली ठेवावी आणि फक्त उंचवट्यांवर फिकट रंगाचा ड्रायब्रश (जवळजवळ कोरडा ब्रश) फिरवावा.

दहांपैकी सर्वांत मागे उभा राहणारा शिपाई आधी एकटा पूर्ण करावा आणि त्याच्यावर वापरलेले प्रत्येक मिश्रण थेंबांच्या हिशेबाने वहीत उतरवावे, कारण अकरावा शिपाई सहा महिन्यांनी येतो आणि त्याचा कोट उरलेल्या दहांशी जुळवायचा असतो.