जळालेलं कुरण कसं वाचायचं

कच्छच्या बन्नी कुरणात वणवा लागल्याचं कळलं की नोंदी घ्यायला बडोद्याहून निघणं सोपं आहे. सयाजीनगरी एक्स्प्रेस रात्री पकडली की सकाळी भुज. वनखात्याची लेखी परवानगी मात्र आधीच हातात हवी. बन्नी 1955 पासून संरक्षित वन आहे, आणि सरहद्दीच्या बाजूला जायचं तर परवानगी वेगळी. धूर पूर्ण थांबल्याशिवाय आत शिरू नका. मुळं जमिनीखाली धुमसत राहतात, वरची राख गार दिसते आणि पाय थेट निखाऱ्यात जातो. उंच चामडी बूट घाला, फुरशांसाठीही तेच बरे.

वहीत पहिली नोंद आगीची करू नका, गेल्या दोन पावसाळ्यांची करा. वाळवंटी प्रदेशात झुडपांमधली उघडी माती आगीला अडवते. पाऊस चांगला झाला की ती जागा गवताने भरते, गवत वाळतं आणि आगीला सलग वाट मिळते. खाऱ्या जमिनीवरचा लाणा, म्हणजे तिथलं झुडूप, रसाळ असतो, तो सहसा पेट घेत नाही. त्यामुळे जळालेल्या पट्ट्यात मधेच हिरवी बेटं उरतात. तीही नकाशावर घ्या.

मग काठ शोधा, जिथे माती एकच आहे पण एका बाजूला जळालं आणि दुसऱ्या बाजूला वाचलं. दोन्हीकडे एक मीटर बाय एक मीटरचे चौकोन आखा. खुंट्या लोखंडी घ्या, लाकडी पुढच्या आगीत जातील. प्रत्येक खुंटीपासून ठरलेल्या एकाच दिशेला फोटो काढा. बुंध्यावर काजळी किती उंच चढली ते टेपने मोजा. वाऱ्याच्या आडोशाच्या बाजूला ती जास्त चढते, म्हणून आग कुठून आली याचा अंदाज चार-सहा खोडं बघून बांधता येतो. राख पांढरी की काळी तेही लिहा. पांढरी म्हणजे तिथलं इंधन जवळजवळ पूर्ण जळलं.

आता खरं काम. जळालेलं झाड मेलं असं पहिल्याच भेटीत लिहू नका, ही माझी सगळ्यात आग्रहाची विनंती. चाकूच्या टोकाने साल जराशी खरवडा. आत ओलसर हिरवं दिसलं तर तेवढा भाग जिवंत. कोरडं तपकिरी असेल तर खाली सरका, जमिनीपर्यंत. दोन-तीन ओरखडे पुरे, त्या झाडाला आधीच पुष्कळ सोसावं लागलंय. धामण गवताचा ठोंब घ्या. वरून काळा, हात लावला की बोटं माखतात. पानांची आवरणं एकेक करून सोडवा. बाहेरची कोळसा झालेली, आतली तपकिरी, आणि अगदी तळाशी, मातीच्या पातळीला, मोहरीएवढे फिकट कोंब. ते वाचले असतील तर पावसानंतर हा ठोंब पुन्हा उभा राहतो. म्हणून निर्णय पावसाळा सरल्यावर, त्याच खुंटीशी बसून.

गांडो बावळाबद्दल, म्हणजे बाहेरून आणलेल्या वेड्या बाभळीबद्दल, स्पष्ट सांगते. 1960च्या दशकात वनखात्याने खारटपणा थोपवायला तो इथे लावला आणि त्याने कुरण गिळलं. जाळून टाका म्हणजे संपेल, असं पुष्कळजण म्हणतात. संपत नाही. वरचं जळतं, बुंध्यातून नवे फुटवे येतात, आणि शेजारच्या गुग्गुळासारखं आधीच दुर्मीळ झालेलं झुडूप मात्र हकनाक जातं. उलट बाजूही ध्यानात ठेवा. आपल्याकडेही वाढणारं अंजन गवत चाऱ्यासाठी अमेरिकेत नेलं गेलं. अॅरिझोनाच्या सोनोरन वाळवंटात त्याने सग्वारो निवडुंगांमधल्या मोकळ्या जागा भरून टाकल्या, आणि आगीची सवय नसलेले ते निवडुंग तिथे जळू लागले. तेव्हा ‘हे गवत आगीला चांगलं की वाईट’ असं विचारू नका. कुठल्या जमिनीवर, कोणाच्या शेजारी, ते विचारा. आणि मालधाऱ्यांना, इथल्या गुराख्यांना, जरूर विचारा. कुठला ठोंब कधी फुटला हे म्हशींमागे फिरणाऱ्याला नेमकं माहीत असतं.

मातीतलं बी किती वाचलं ते बघायला परतताना काठाच्या दोन्ही बाजूंची वरची पाच सेंटिमीटर माती वेगवेगळ्या कापडी पिशव्यांत आणा. बडोद्यात गच्चीवर ट्रेमध्ये वाळूवर पातळ पसरा, पाणी घाला, उगवलेली रोपं मोजत जा. एक ट्रे नुसत्या वाळूचा ठेवा, म्हणजे वाऱ्याने आलेलं तण ओळखू येईल.

वनस्पतींचे नमुने दाबून वाळवताना लाणा आणि थोर आधी उकळत्या पाण्यात क्षणभर बुडवा, नाहीतर ते प्रेसमध्येही जिवंत राहतात आणि पानं गाळतात. वर्तमानपत्राचे कागद रोज बदला. चिठ्ठीवर आगीची तारीख, काजळीची उंची आणि खुंटीचा नंबर लिहा. जोडीचा दुसरा नमुना सयाजीराव विद्यापीठाच्या ‘बारो’ हर्बेरियममध्ये, म्हणजे वाळवलेल्या वनस्पतींच्या संग्रहात, द्या.