आयर्विनचं पाणी आणि अर्धा बँड

मी स्टाफ नर्स. नोकरी मिरजेत, घर सांगलीत. इंग्लंडमध्ये नर्स म्हणून नोंदणी करायची तर मी निवडलेला रस्ता आयईएलटीएस अकॅडेमिक या इंग्रजीच्या परीक्षेचा. तिचे गुण बँडमध्ये देतात. मी परीक्षा दिली तेव्हा तिथल्या नर्सिंग अँड मिडवायफरी कौन्सिलची अट होती, रीडिंग, लिसनिंग आणि स्पीकिंगमध्ये ७ आणि रायटिंगमध्ये ६.५. पहिल्या वेळी बाकी तिन्ही निघाले. रायटिंगला ६ आले. फक्त अर्धा बँड कमी, आणि त्यासाठी पुन्हा पूर्ण फी भरायची वेळ आली. तो अर्धा बँड कुठे अडला होता हे उलगडायला मला दोन महिने लागले. तुमचे ते दोन महिने वाचावेत म्हणून लिहिते आहे.

बारावीपर्यंत माझं माध्यम मराठी. त्यामुळे आपण शब्दांत कमी पडतो अशी माझी ठाम समजूत होती. दोनशे पानी वही घातली, डावीकडे अवघड इंग्रजी शब्द, उजवीकडे मराठी अर्थ. प्लेथोरा म्हणजे भरमार, मिटिगेट म्हणजे कमी करणे. असे पंधराशे शब्द पाठ केले आणि जमेल तिथे निबंधात घातले.

आमच्या शेजारी इंग्रजीचे निवृत्त सर राहतात. सरावाचे निबंध घेऊन मी त्यांच्याकडे गेले. त्यांनी ‘प्लेथोरा ऑफ पोल्यूशन’ या शब्दांखाली रेघ मारली आणि विचारलं, “बाळ, काळोख कसा असतो?”

“मिट्ट.”

“आणि झोप?”

“गाढ.”

“मग मिट्ट झोप लागली असं का म्हणत नाहीस?”

मला उत्तर देता येईना. दही घट्ट असतं, साय दाट असते, रंग गडद असतो. हे आपल्याला कुणी शिकवलेलं नसतं, आईच्या तोंडून ते शब्द जोडीनेच आलेले असतात. इंग्रजीतही तसंच आहे. प्लेथोराच्या पुढे मोजता येतील अशा अनेक वस्तू लागतात, म्हणून प्लेथोरा ऑफ ऑप्शन्स चालतं, पोल्यूशन चालत नाही. मिटिगेटला रिस्क, इम्पॅक्ट, इफेक्ट्स हे सोबती आवडतात. पाऊस हेवी असतो आणि चहा स्ट्राँग.

रायटिंगचे गुण चार निकषांवर देतात, त्यातला एक शब्दसंपत्तीचा, म्हणजे पाव हिस्सा. या निकषांची वर्णनं सगळ्यांसाठी खुली आहेत, ती परीक्षेआधी जरूर वाचा. ६ बँडच्या वर्णनाचा आशय असा, की कमी वापरातले शब्द वापरायचा प्रयत्न दिसतो पण त्यात चुका होतात. ती माझीच वही होती. ७ बँडला शब्दांच्या जोड्यांची जाण अपेक्षित आहे.

मग वही बंद केली आणि यादी बदलली. न्यूझीलंडच्या अ‍ॅव्हरिल कॉक्सहेड यांनी २००० साली अकॅडेमिक वर्ड लिस्ट प्रसिद्ध केली. त्यात ५७० शब्दकुटुंबं आहेत, दहा भागांत. पहिल्या नऊ भागांत प्रत्येकी ६०, शेवटच्यात ३०. कुटुंब म्हणजे अ‍ॅनालाइज, अ‍ॅनालिसिस, अ‍ॅनालिस्ट, अ‍ॅनालिटिकल असा सगळा गोतावळा. माझ्या पंधराशे शब्दांपेक्षा हे ५७० कितीतरी जास्त कामी आले, कारण रीडिंगच्या उताऱ्यांत ते पावलोपावली भेटतात.

पण नुसत्या यादीने शब्द अंगवळणी पडत नाहीत. माझ्या अंगवळणी ते पडले कृष्णेच्या पुरामुळे. रायटिंगच्या पहिल्या प्रश्नात बहुतेकदा आलेख असतो, किमान १५० शब्दांत त्याचं वर्णन करायचं. पेट्रोल, पर्यटक, कॉफीची निर्यात असे विषय. मला त्यात काही सुचायचं नाही. एका रात्री ड्यूटीवर बसून मी ऑगस्ट २०१९चा आलेख स्वतःच काढला. त्या दिवसांत सांगलीत एकच प्रश्न होता, “आयर्विनला पाणी किती?” आयर्विन म्हणजे आमचा कृष्णेवरचा पूल, पुराचं पाणी तिथेच मोजतात. इशारा पातळी ४० फूट, धोक्याची ४५, आणि पाणी गेलं ५७ फुटांच्या वर. तेव्हा आम्ही जे बोलत होतो तेच इंग्रजीत लिहायला घेतलं. फुटाफुटाने चढतंय म्हणजे राइझिंग शार्पली. इंचाइंचाने चढतंय म्हणजे ग्रॅज्युअली. धोक्याची पातळी ओलांडली, एक्सीडेड. सर्वांत वर पोचलं, पीक्ड. थांबलं, लेव्हल्ड ऑफ. ओसरलं, रिसीडेड. यातला एकही शब्द मला पुन्हा पाठ करावा लागला नाही, कारण त्या प्रत्येक शब्दामागे गच्चीवर जागून काढलेली रात्र होती.

सरांनी तिथेही एक सावधगिरी शिकवली. रिसीड पाण्याला शोभतं, भावाला नाही. भाव फॉल होतो किंवा डिक्लाइन होतो. मराठीतही पूर ओसरतो आणि भाव उतरतो, हे तेव्हा पहिल्यांदा नीट जाणवलं. तुम्ही तासगावचे असाल तर बेदाण्याच्या दराचा आलेख काढा, मार्केट यार्डात कुणी असेल तर हळदीच्या सौद्याचा. ज्याबद्दल मराठीत भरभरून बोलता येतं तिथेच इंग्रजी शब्द रुजवा.

उजळणीसाठी युनिफॉर्मच्या खिशात कार्डं ठेवायचे. पुढे रिकामी जागा सोडलेलं वाक्य, मागे शब्द. मराठी अर्थ लिहायचा नाही. घरी मिठाईचे तीन रिकामे बॉक्स होते. रोजचा, तीन दिवसांचा, पंधरवड्याचा. आठवलं की कार्ड पुढच्या बॉक्सात, विसरलं की परत पहिल्यात.

लिसनिंगमध्ये स्पेलिंग चुकलं की गुण जातो, म्हणून अकोमोडेशनसारखे शब्द लिहून गिरवा. वाचून भागत नाही.

नर्सिंगच्या मैत्रिणींसाठी एक वेगळी गोष्ट. आपण वॉर्डात वापरतो ते काही इंग्रजी तिथे वेगळ्या अर्थाचं आहे. ‘आय पास्ड आउट’ म्हणालात तर पदवी मिळाली असं नाही, चक्कर येऊन पडले असं त्यांना ऐकू येईल. कॉट म्हणजे तान्ह्या बाळाचा पलंग. पेशंट एक्सपायर झाला असं म्हणू नका, साधं डाइड म्हणा. अशा शब्दांची मी एक पानभर यादी केली होती. ती मला सगळ्यात महत्त्वाची वाटते, कारण ती परीक्षेनंतरही पेशंटच्या उशाशी लागणार आहे.

दुसऱ्या वेळी दुसऱ्या प्रश्नाच्या २५० शब्दांच्या निबंधात मी अवघड वाटणारे शब्द मोजून पाच-सहाच घातले, प्रत्येक त्याच्या जोडीदारासह. रायटिंगला ६.५ आले.

आजपासून सुरुवात करणार असाल तर कॉक्सहेड यांच्या यादीचा पहिला भाग घ्या. रोज तीन कुटुंबं, प्रत्येकाची एक जोडी आणि स्वतःच्या गावाबद्दलचं एक वाक्य. वीस दिवसांत तो भाग होतो.