त्वचेच्या उत्पादनांतील घटकांची तुलना कशी करावी

दोन सीरम किंवा दोन क्रीम यांतून एक निवडताना खोक्याच्या पुढच्या बाजूवर विसंबू नये. तिथे एखाद्या घटकाचे नाव ठळक अक्षरांत असते, पण तो आत किती आहे हे बहुधा सांगितलेले नसते. तुलना करायची ती मागे बारीक अक्षरांत छापलेल्या यादीची. सौंदर्यप्रसाधन नियम, 2020 नुसार ही यादी उतरत्या क्रमाने द्यावी लागते. सर्वांत जास्त असलेला घटक आधी येतो आणि एक टक्का किंवा त्याहून कमी असलेले घटक शेवटी येतात, मात्र या शेवटच्या गटात कोणताही क्रम चालतो.

ही एक टक्क्याची रेषा यादीत आखलेली नसते, पण ती शोधता येते. फेनॉक्सीइथेनॉल हे उत्पादन टिकवण्यासाठी घातले जाणारे द्रव्य जास्तीत जास्त एक टक्काच वापरता येते, त्यामुळे त्याच्यानंतर लिहिलेला प्रत्येक घटक एक टक्का किंवा त्याहून कमी आहे असे समजावे. खोक्यावर केशराच्या काड्यांचे मोठे चित्र असेल आणि यादीत केशराचा अर्क फेनॉक्सीइथेनॉलच्या खाली असेल, तर त्या चित्रासाठी जास्तीचे पैसे मोजू नयेत. याउलट, यादीत खाली असलेला घटक नेहमीच निरुपयोगी असतो असेही नाही. सोडियम हायलुरोनेट, म्हणजे हायलुरोनिक आम्लाचे क्षाररूप, एक टक्क्याहून कमी प्रमाणातही पाणी धरून ठेवते, आणि रेटिनॉल, म्हणजे व्हिटॅमिन एचे एक रूप, साधारण 0.1 ते 1 टक्का एवढेच वापरले जाते. म्हणून क्रमाबरोबरच कोणता घटक किती प्रमाणात काम करतो हेही माहीत असावे लागते.

नायसिनामाइड हे व्हिटॅमिन बी 3चे एक रूप आहे आणि ते 2 ते 5 टक्के पुरेसे असते. ते डाग फिके करण्यास, तेलकटपणा कमी करण्यास आणि त्वचेचा संरक्षक थर सुधारण्यास मदत करते. 10 टक्क्यांची बाटली दुप्पट गुण देईल असे मानण्याचे कारण नाही. काहींची त्वचा मात्र तिने चुरचुरते. सॅलिसिलिक आम्ल तेलात विरघळते, त्यामुळे ते रंध्रांच्या आत जाऊन काम करते आणि काळ्या पुटकुळ्या व मुरुमांसाठी उपयोगी पडते. दुकानात सहज मिळणाऱ्या उत्पादनांत ते बहुधा 2 टक्क्यांपर्यंत असते. ग्लायकोलिक आणि लॅक्टिक आम्ले पृष्ठभागावरील मृत पेशी सुटण्यास मदत करतात, पण त्यांनी त्वचा उन्हाला अधिक संवेदनशील होते. व्हिटॅमिन सीचे सर्वांत अभ्यासलेले रूप म्हणजे एल-अ‍ॅस्कॉर्बिक आम्ल. ते 10 ते 20 टक्के आणि चांगल्या आम्लतेत असावे लागते. हवा, उजेड आणि उष्णता यांनी ते बिघडते, म्हणून पारदर्शक बाटलीतले घेऊ नये आणि सीरम तपकिरी झाले तर टाकून द्यावे. रेटिनॉल रात्री, आठवड्यातून दोनदा लावून सुरुवात करावी. गरोदरपणात ते पूर्णपणे टाळावे.

मॉइश्चरायझरची निवड आपला दिवस कुठे जातो यावर ठरवावी. ठाणे आणि नवी मुंबई खाडीकाठी आहेत, त्यामुळे बाहेर हवा दमट असते. पण ऐरोली किंवा महापे येथील वातानुकूलित कार्यालयात आठ-नऊ तास बसणाऱ्यांची त्वचा त्याच हवामानात कोरडी पडते. ग्लिसरीन, युरिया आणि हायलुरोनिक आम्ल पाणी ओढून धरतात, तर पेट्रोलॅटम आणि डायमेथिकोन ते उडून जाऊ देत नाहीत. सेरामाइड त्वचेच्या स्वतःच्या थरातील स्निग्धांश भरून काढतात. तेलकट त्वचेला पाणी ओढणारे घटक असलेले हलके जेल बहुधा पुरते. कोरड्या त्वचेला दोन्ही गटांतले घटक लागतात. समजा, एका क्रीमच्या यादीत पाण्यानंतर लगेच ग्लिसरीन आहे आणि 100 ग्रॅमला 250 रुपये पडतात, म्हणजे ग्रॅममागे अडीच रुपये. दुसऱ्यात तेच घटक जवळपास त्याच क्रमाने आहेत, शिवाय सुगंध आहे, आणि 50 ग्रॅमला 600 रुपये, म्हणजे ग्रॅममागे 12 रुपये. माझ्या मते पहिलेच घ्यावे, विशेषतः त्वचा नाजूक असेल तर, कारण सुगंधी द्रव्ये हे अ‍ॅलर्जीचे नेहमीचे कारण आहे.

सनस्क्रीनमध्ये केवळ एसपीएफचा, म्हणजे उन्हापासूनच्या संरक्षणाचा, आकडा पाहणे अपुरे आहे. पुरेसा थर लावल्यास एसपीएफ 30 सुमारे 97 टक्के आणि एसपीएफ 50 सुमारे 98 टक्के यूव्हीबी, म्हणजे त्वचा भाजणारे, किरण अडवते. त्वचेत खोल जाणाऱ्या यूव्हीए किरणांसाठी ‘पीए’ (PA) या अक्षरांपुढील अधिकच्या (+) खुणा किती आहेत ते पाहावे. वांग असलेल्यांनी यादीत आयर्न ऑक्साइड शोधावे, कारण आपल्यासारख्या सावळ्या त्वचेवर दृश्य प्रकाशही डाग गडद करतो आणि रंगीत सनस्क्रीनमधील हा घटक तो अडवतो. चेहरा व मान मिळून दोन बोटांच्या लांबीएवढे सनस्क्रीन घेऊन त्याचा थर लावावा. घाम आल्यावर तो टिकत नाही, म्हणून उन्हात असताना दर दोन तासांनी पुन्हा लावावा.

गोरे करण्याचा दावा करणाऱ्या क्रीमच्या बाबतीत मी कोणतीही सवलत देणार नाही. अशा काही क्रीममध्ये पारा आढळला आहे आणि पारा मूत्रपिंडांना इजा करतो. यादीत कॅलोमेल किंवा ‘मर्क्युर’ने सुरू होणारे नाव दिसले, अथवा सोन्या-चांदीच्या दागिन्यांना क्रीम लागू देऊ नका अशी सूचना दिसली, तर ते विकत घेऊ नये, यादीच नसेल तर मुळीच नाही. आयात केलेल्या उत्पादनावर नोंदणी क्रमांक आणि तो क्रमांक घेणाऱ्याचे नाव-पत्ता असतो, तो नसेल तर दुकानदाराला विचारावे. बेटामेथासोन, क्लोबेटासोल किंवा मोमेटासोन असलेली क्रीम ही स्टिरॉइड औषधे आहेत. शेजारणीने सुचवले म्हणून ती चेहऱ्याला लावली, तर त्वचा पातळ होते, लाली आणि मुरुम वाढतात आणि क्रीम थांबवताच त्रास उसळतो. ती त्वचारोगतज्ज्ञाने सांगितल्यावाचून वापरू नयेत, आणि संशयास्पद क्रीम आढळल्यास अन्न व औषध प्रशासनाकडे तक्रार करावी.

निवडलेले उत्पादन कोपराच्या आतल्या बाजूला काही दिवस लावून पाहावे आणि एका वेळी एकच नवीन उत्पादन सुरू करावे, म्हणजे खाज किंवा लाली आल्यास कारण कळते. डागांवरील परिणाम दिसायला आठ ते बारा आठवडे लागतात. तेवढ्या अवधीपूर्वी दुसरे सीरम आणू नये.