डोळ्याच्या नमुन्याचं सिक्वेन्सिंग: या चुका टाळा

सिक्वेन्सिंग म्हणजे नमुन्यातला डीएनए वाचून जंतू ओळखणं. कॉर्नियल अल्सरचं (डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक पडद्यावरच्या जखमेचं) स्क्रेपिंग, म्हणजे खरवडून घेतलेला नमुना, ब्लेडच्या टोकावर मावेल एवढा ऐवज. त्यातला बहुतेक डीएनए रुग्णाचाच, जंतूचा कणभर. म्हणूनच ब्लँक, म्हणजे रुग्णाचा नमुना नसलेली रिकामी ट्यूब, सोबत न लावणं ही इथली सगळ्यात महाग चूक. एक्स्ट्रॅक्शन (डीएनए काढण्याच्या) किटच्या बफरमध्ये, पाण्यात, एन्झाइममध्येही जिवाणूंचा डीएनए असतो. शौचाच्या नमुन्यात तो बुडून जातो, डोळ्याच्या नमुन्यात तोच वर तरंगतो.

मग होतं ते असं. धान कापताना डोळ्याला पात लागलेला भंडाऱ्याकडचा शेतकरी आठवडाभर मेडिकल दुकानातले स्टिरॉइडचे थेंब घालून नागपूर गाठतो. रिपोर्टमध्ये येतात राल्स्टोनिया आणि ब्रॅडीरायझोबियम, किटमधून येणारे जिवाणू. त्यावर अँटिबायोटिक बदललं जातं, आणि खरा जंतू, फ्युजॅरियम ही बुरशी, मात्र आत उतरत राहते. त्याच खेपेत ब्लँक असता, तर तीच दोन नावं तिथेही दिसली असती.

प्रत्येक खेपेत दोन ब्लँक हवेतच: एक नुसत्या रिएजंटचा, दुसरा ओपीडीत उघडून न वापरता ट्यूबमध्ये टाकलेल्या निर्जंतुक ब्लेडचा. जेलवर बँड (डीएनएचा पट्टा) दिसला नाही म्हणून ब्लँक तिथेच सोडून देतात. तसं करू नका, तो सिक्वेन्सरपर्यंत न्या. किटचा लॉट नंबर टिपून ठेवा. लॉट बदलला की जुना ब्लँक बाद. आणि ब्लँकमधली नावं डोळे मिटून खोडूही नका. क्युटिबॅक्टेरियम अ‍ॅक्नेस त्वचेवरचा नेहमीचा, पण मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर कित्येक महिन्यांनी आत सूज धरवणाराही तोच. ब्लँकपेक्षा नमुन्यात रीड्स (सिक्वेन्सरने वाचलेले डीएनएचे तुकडे) किती पट आहेत ते बघा, आणि रुग्णाचा डोळा काय सांगतो तेही.

दुसरी चूक: फक्त १६एस, म्हणजे जिवाणू ओळखण्याचा जनुकाचा भाग. विदर्भातल्या शेतीच्या इजेत आधी बुरशीची शंका घ्यायची, आणि १६एसच्या चाचणीत बुरशी सापडतच नाही. तिच्यासाठी आयटीएस हा बुरशी ओळखण्याचा डीएनएचा भाग लावा, अकँथअमीबा या एकपेशी परजीवीसाठी १८एस. बुरशीची भिंत नुसत्या लायसिस बफरने फुटत नाही. बीड बीटिंग (बारीक मण्यांसोबत जोरात हलवणं) वगळलंत तर आयटीएसही रिकामं येईल. १० टक्के केओएचची (पोटॅशियम हायड्रॉक्साइडची) सूक्ष्मदर्शकाखालची स्लाइड तर सिक्वेन्सिंगच्या आधीच बघा. काही मिनिटांत बुरशीचे धागे दिसतात, मग रिपोर्टची वाट बघत औषध अडवून ठेवायचं कशाला?

फ्लुओरेसिन हा तपासणीचा रंग डोळ्याला लावण्याआधी नमुना घ्या, तो पीसीआर (डीएनएच्या प्रती वाढवण्याची पायरी) अडवतो. कॅल्शियम अल्जिनेटचा स्वॅबही तसाच. पीसीआर अडलाच, तर डीएनए १:१० पातळ करून पुन्हा लावा.

व्हिट्रियस (डोळ्याच्या आतला जेलीसारखा द्रव) घ्यायचं तर ०.१ ते ०.२ मिली, ऑपरेशनमध्ये डोळ्यात द्रव सोडणं (इन्फ्यूजन) सुरू करण्याआधी, पातळ न झालेलं. डोळे येण्याच्या साथीत नुसता डीएनए काढलात तर अडिनोव्हायरस सापडेल, कॉक्सॅकी ए२४ सुटेल; तो आरएनए विषाणू आहे.

आणि मे महिन्यात चंद्रपूरहून येणारी ट्यूब गाडीच्या डॅशबोर्डवर नको. बर्फाच्या डब्यात, झाकणाला पॅराफिल्म गुंडाळून पाठवा.