पन्हाळ्याचा चढ आणि त्यापुढची शर्यत : कोल्हापुरातून व्यावसायिक रोड सायकलिंगकडे

रोड सायकलिंगमध्ये कारकीर्द करू पाहणाऱ्या कोल्हापूरच्या मुलामुलींनी आणि त्यांच्या पालकांनी आरंभीच हे लक्षात घ्यावे, की एकट्याने वेगात सायकल चालवता येणे हे या खेळातले जेमतेम अर्धे काम आहे. चढांच्या बाबतीत आपला जिल्हा भाग्यवान आहे. केर्लीवरून वाघबीळ गाठले की पन्हाळ्याचा चढ लागतो, जोतिबाचा डोंगर तिथून हाकेच्या अंतरावर आहे आणि लांब पल्ला हवा असेल तर गगनबावड्यापर्यंत सुमारे ५५ किलोमीटरचा रस्ता आहे. मात्र शे-दीडशे सायकलस्वारांच्या घोळक्यात, पुढच्या चाकापासून वीत-दोन वीत अंतर राखून, ताशी ४५ किलोमीटरच्या वेगाने वळण कसे घ्यावे, हे यांपैकी कोणताही रस्ता शिकवत नाही.

या घोळक्याला पेलोटन म्हणतात आणि शर्यतीचे सारे राजकारण त्यातच घडते. पुढच्याच्या आडोशाला राहणाऱ्याला हवेचा रोध कमी लागत असल्याने त्याची सुमारे पाव ते एक तृतीयांश ताकद वाचते. म्हणूनच संघातील एक-दोघे जिंकण्यासाठी धावतात आणि उरलेले त्यांना वाऱ्यापासून झाकतात, मागून येणाऱ्या संघाच्या गाडीकडून पाण्याच्या बाटल्या आणून देतात, प्रसंगी स्वतःचे चाकही काढून देतात. अशा सहायकाला डोमेस्टिक म्हणतात, आणि संघांतील बहुतेक जागा त्यांच्याच असतात. पहिला नंबर सोडून बाकी सारे फुकट मानणाऱ्या घराला हे पचायला थोडे जड जाते.

घोळक्याचा सराव चार-पाच जणांतही सुरू करता येतो. एका रांगेत चालावे. पुढच्याने मिनिटभर वारा झेलून, मागे वाहन नाही याची खात्री करून बाजूला व्हावे आणि वेग किंचित कमी करत रांगेच्या शेवटी जावे. दुसऱ्याने पुढे येताना वेग मुळीच वाढवू नये. नवख्यांची चूक हटकून इथेच होते, कारण पुढे येताच जोर दाखवण्याची हौस आवरत नाही आणि रांग तुटते. नजर पुढच्या चाकावर खिळवू नये, ती दोन जणांपलीकडे असावी. आपले पुढचे चाक दुसऱ्याच्या मागच्या चाकाला समांतर जाऊ देऊ नये, कारण चाके घासली तर सहसा मागचाच पडतो. हा सराव पूर्ण उजाडल्यावर, हेल्मेट घालून, हायवेपासून दूरच्या रस्त्यावर करावा. उसाच्या हंगामात तर विशेष जपावे, कारण दोन-दोन ट्रॉल्या ओढणाऱ्या ट्रॅक्टरला मागे दिवा असेलच याची खात्री नसते.

वयाचे टप्पेही ठाऊक असावेत. सायकलिंगची आंतरराष्ट्रीय संघटना यूसीआय १७-१८ वर्षांच्या खेळाडूंना ज्युनिअर आणि १९ ते २२ वर्षांच्या खेळाडूंना तेवीस वर्षांखालील गटात धरते. आपल्या राष्ट्रीय स्पर्धांत त्याहून लहान गटही असतात. जिल्हा, राज्य आणि मग राष्ट्रीय स्पर्धा हा क्रम टाळता येत नाही, म्हणून जिल्हा संघटनेकडे निवड चाचणीची चौकशी वेळेत करावी आणि जन्माचा दाखला हाताशी ठेवावा. याच वाटेने पुढे आलेल्या आपल्या जिल्ह्यातील पूजा दानोळे हिने खेलो इंडिया युवा क्रीडा स्पर्धांत सुवर्णपदके मिळवली आहेत. आपल्याकडे ब्रेव्हे (ठरावीक वेळेत लांब पल्ला पुरा करण्याची सायकलफेरी) आणि आयर्नमॅनची (पोहणे, सायकल आणि धावणे यांची एकत्र स्पर्धा) मोठी हौस आहे, आणि ती चांगलीच आहे. परंतु २०० किलोमीटर साडेतेरा तासांत पूर्ण केल्याचे पदक पाहून कोणताही संघ करार करत नाही.

ताकद मोजण्यासाठी पॉवर मीटर मिळाला तर उत्तम. पन्हाळ्यासारख्या चढावर २० मिनिटे सर्व शक्तीनिशी चालवून आलेल्या सरासरी वॅट्समधून ५ टक्के वजा करावेत आणि उरलेल्या आकड्याला आपल्या वजनाने भागावे. वजाबाकीनंतर साठ किलोच्या खेळाडूचे २४० वॅट उरले, तर ते किलोमागे ४ होतात. जगातील अव्वल चढाईपटू ६ च्या आसपास असतात. तालमीच्या या शहरात खुराक म्हटले की वजन वाढवणे आठवते, आणि चढावर ते वजन आपल्यालाच वाहावे लागते. तरीही वाढत्या वयात उपाशी राहून वजन उतरवणे घातक आहे. मुलींची पाळी थांबली तर तो धोक्याचा इशारा समजून डॉक्टरांकडे जावे. दीड तासाहून लांब सरावात ताशी ६० ग्रॅमच्या आसपास कर्बोदके पोटात जायला हवीत, म्हणजे दोन केळी आणि शेंगदाण्याऐवजी राजगिऱ्याची चिक्की, सोबत साखर-मिठाचे पाणी.

औषधांबाबत हयगय नको. सर्दीच्या काही गोळ्यांतील स्यूडोएफेड्रिन ठरावीक मर्यादेपलीकडे गेल्यास स्पर्धेच्या वेळी निषिद्ध ठरते, आणि जिममधल्या निनावी पावडरीत काय मिसळले आहे हे विकणाऱ्यालाही माहीत नसते. ‘नकळत घेतले’ म्हटल्याने सुटका होत नाही.

पैशाचा विचार कोरडेपणाने करावा. यूसीआयच्या रचनेत वर्ल्ड टीम, प्रो टीम आणि कॉन्टिनेन्टल टीम अशा पायऱ्या आहेत. वरच्या दोन पायऱ्यांवर किमान वेतनाचे नियम आहेत, तिसरीवर यूसीआयचे तसे बंधन नाही. टूर द फ्रान्स या जगातील सर्वांत प्रतिष्ठेच्या बहुटप्पी शर्यतीत आजवर एकही भारतीय उतरलेला नाही. म्हणून शिक्षण चालू ठेवावे, आणि रेल्वे, सेनादल तसेच राज्य शासनाचे ५ टक्के क्रीडा आरक्षण या वाटा दुय्यम मानू नयेत, कारण भारतीय सायकलपटूंचा पगार बहुधा तिथूनच येतो. तरी वरची वाट बंद नाही. एरिट्रियाचा बिनियम गिर्माय स्वित्झर्लंडमधील एग्ल येथील यूसीआयच्या केंद्रात तयार झाला आणि २०२४ च्या टूरमध्ये तीन टप्पे जिंकून, सर्वाधिक गुण मिळवणाऱ्याला दिली जाणारी हिरवी जर्सी घेऊन गेला.

जानेवारी २०२६ मध्ये पुणे ग्रँड टूर ही यूसीआयच्या २.२ (बहुटप्पी शर्यतींतील खालच्या) श्रेणीची शर्यत झाली. अशी शर्यत एवढ्या जवळ आली की रस्त्याकडेला उभे राहून घोळका कसा हलतो हे प्रत्यक्ष पाहावे. पुढे बेल्जियममध्ये उन्हाळी शर्यती खेळण्याचा बेत असेल, तर गावाभोवतीच्या छोट्या फेऱ्यांच्या या शर्यती भरपूर असतात आणि घोळक्याचे शिक्षण तिथे झपाट्याने होते. पासपोर्ट त्याआधीच काढून ठेवावा, शेंगेन व्हिसासाठी (बेल्जियमसह युरोपातील बऱ्याच देशांत चालणारा व्हिसा) काही महिने आधी हालचाल करावी आणि संघांना पाठवायच्या कागदांत पन्हाळ्याच्या वेळेपेक्षा शर्यतींचे निकाल वर लिहावेत. कोणाला जिंकवण्यासाठी आपण काय काम केले, तेही त्यात आवर्जून नोंदवावे.