शोधयंत्रांची लोकप्रियता आपल्या संकेतस्थळावरून मोजताना या चुका टाळा

वागळे इस्टेटमधील कारखानदार असो वा वाशीच्या बाजारातील घाऊक व्यापारी, संकेतस्थळाचा अहवाल उघडून गूगलकडून किती लोक आले आणि बिंगकडून किती, एवढे पाहून कोणते शोधयंत्र अधिक चालते हे तो ठरवून टाकतो. माझ्या मते सर्वांत महागात पडणारी चूक हीच आहे, कारण त्या आकड्यात शोधयंत्राचा वापर आणि त्यात आपल्या पानाला मिळालेले स्थान या दोन्ही गोष्टी मिसळलेल्या असतात. ‘ठाण्यात पंपदुरुस्ती’ असे शोधल्यावर आपले पान बिंगवर पहिले आणि गूगलवर तिसऱ्या पानावर येत असेल, तर गूगल वापरणारे कितीतरी पटींनी अधिक असूनही अहवालात बिंग वरचढ दिसू शकते. म्हणून गूगल सर्च कन्सोल आणि बिंग वेबमास्टर टूल्स या दोन्ही मोफत साधनांत इंप्रेशन्स (शोधाच्या निकालांत आपले पान किती वेळा दिसले), क्लिक आणि सरासरी स्थान शेजारी शेजारी ठेवून पाहावे. इंप्रेशन्सच नगण्य असतील, तर संकेतस्थळावरील रोबोट्स फाइल (कोणी कोणती पाने वाचावीत हे सांगणारी सूचनांची फाइल) त्या शोधयंत्राच्या बॉटला, म्हणजे पाने आपोआप वाचत फिरणाऱ्या प्रोग्रामला, अडवत तर नाही ना, हे आधी तपासावे.

ग्राहक संगणकावरून येतो की मोबाइलवरून आणि कोणत्या ब्राउझरमधून, याकडेही दुर्लक्ष होते. विंडोजच्या एज ब्राउझरमध्ये बिंग आधीच नेमलेले असते, तर क्रोममध्ये गूगल. त्यामुळे महापे-ऐरोलीच्या कार्यालयांतील संगणकांवरून येणारी वर्दळ आणि घोडबंदर रोडवरील घरांतून मोबाइलवर येणारी वर्दळ वेगवेगळी मोजावी.

याहू आणि डकडकगो यांचे निकाल बऱ्याच अंशी बिंगकडूनच येतात. बिंग धरून या तिन्हींकडून येणारे लोक एकाच आठवड्यात घटले, तर तीन शोधयंत्रे एकदम नावडती झाली असे समजू नये. दोष बहुधा बिंगच्या सूचीतील आपल्या पानांत सापडतो.

सर्व्हरच्या नोंदींतील गूगलबॉटच्या, म्हणजे गूगलच्या बॉटच्या, फेऱ्या म्हणजे माणसे नव्हेत. हे नाव कोणीही लावू शकतो, म्हणून आयपी पत्त्याची उलट डीएनएस तपासणी करावी, म्हणजे तो पत्ता खरोखर गूगलच्या नावावर आहे का ते पाहावे. व्हॉट्सॲपवरील दुव्यावरून आलेले लोक अनेकदा अहवालातील ‘डायरेक्ट’ (थेट आलेले) या रकान्यात जातात, ते शोधातून आले असे धरू नये.

देशाचे चित्र हवे असल्यास स्टॅटकाउंटरसारखी अनेक संकेतस्थळांवरून केलेली मोजणी पाहावी. तिच्यानुसार भारतात गूगलचा वाटा कित्येक वर्षे 90 टक्क्यांहून अधिक आहे; मात्र ती माणसे मोजत नाही, पाने किती वेळा उघडली हे मोजते.